परदेशी शिकायला निघताना इन्सुलिन जवळ ठेवा

परवा एक विद्यार्थिनी आईसह दवाखान्यात आली. पदवीच्या एका सत्रासाठी ती जर्मनीला निघाली होती. १० वर्षांपासून ती इन्सुलिन घेते. ‘‘डॉक्टर, सगळं इन्सुलिन मोठ्या बॅगेत नीट बांधलंय,’’ आई म्हणाली. ‘‘घरी जाऊन ते आधी बाहेर काढा,’’ मी म्हटले.

विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकते. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. शिवाय बॅग हरवली तर? इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर व ग्लुकोज हातातल्या पिशवीतच असावे. सोबत औषधाचे मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. जर्मनीचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेचार तास असते. डोसच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात.

पुस्तके तिथेही मिळतील. मध्यरात्री विमानात इन्सुलिन कोठून मिळणार?