कळंबोलीचा पोलाद बाजार व भारतीय मानकें

मुंबईहून पुण्यास जाणारा द्रुतगति मार्ग कळंबोलीपाशीं सुरू होतो. त्या नाक्याभोंवतीं मालमोटारींची जी दाटी असते, तिचें एक मोठें कारण तेथील लोखंड-पोलाद बाजार हें होय. मुंबईच्या बंदरभागांत कोंडलेला हा व्यापार शहराबाहेर हलविण्याकरितां ही पेठ वसविण्यांत आली. येथील सळई दूरदूरच्या घरांत जाऊन बसते. घर बांधणारानें तिचा कारखाना पाहिलेला नसतो, आणि विकणारानें ती आंतून तपासलेली नसते. मग दोघांचा विश्वास बसतो तो कशावर?

६ जानेवारी १९४७ रोजीं, स्वातंत्र्यापूर्वीं कांहीं महिनेच, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ सालीं तिचें कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आलें, वस्तूंवरील 'आय. एस. आय.' हा शिक्का मात्र जुन्या संस्थेच्या आद्याक्षरांचाच राहिला. ब्यूरो स्वतः लोखंड ओतीत नाहीं. उत्पादक, वापरणारे व शास्त्रज्ञ ह्यांच्या समित्या मसुदा तयार करतात, तो लोकांच्या अभिप्रायार्थ फिरविला जातो, आणि मग मानक प्रसिद्ध होतें. काँक्रीटमधील सळईचें मानक १७८६ क्रमांकाचें आहे.

संगणकावरील खेळांत जीं कल्पित नगरें उभारतात, तेथेंहि मापांचे नियम असतात. परंतु नियमांत न बसणारी वीट तेथें यंत्रच बसूं देत नाहीं. खऱ्या जगांत खोटी सळईहि काँक्रीटमध्यें खुशाल शिरते, आणि एकदां शिरली कीं दिसेनाशी होते. म्हणून तिची परीक्षा आधींच व्हावी लागते.

सळईच्या '५००' ह्या प्रतीचा अर्थ असा कीं, दर चौरस मिलिमीटरला निदान ५०० न्यूटन ताण येईपर्यंत तिनें कायमचें लांबूं नये. पुढें 'डी' हें अक्षर असल्यास तुटण्यापूर्वीं ती अधिक ताणली गेली पाहिजे. साध्या ५०० ला शेंकडा १२, तर 'डी'ला शेंकडा १६. भूकंपांत हा फरक मोलाचा ठरतो, कारण ठिसूळ सळई अकस्मात् तुटते, आणि लवचीक सळई माणसांस बाहेर पडण्यास अवधि देते.

ह्या मानकांतील सर्वांत मनोरंजक परीक्षा अशी : सळई १३५ अंशांच्या कोनांत वांकवितात, अर्धा तास उकळत्या पाण्यांत ठेवितात, निवूं देतात, आणि मग १५७½ अंशांपर्यंत उलट उघडतात. तडा गेला कीं ती नापास! उकळण्याचा हेतु असा कीं, पोलादास काळानें जें वार्धक्य येतें, तें अर्ध्या तासांत आणावें.

वजनाची गोष्ट गिऱ्हाइकाच्या अधिक जवळची. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमध्यें वर्ग करून त्यास १६२ नें भागावें, म्हणजे एका मीटरचें वजन किलोग्रॅममध्यें निघतें. १२ मिलिमीटरच्या सळईचें उत्तर सुमारें ०.८९ येतें, म्हणून १२ मीटर लांबीचा नग साडेदहा किलोंहून किंचित् अधिक भरला पाहिजे. ह्या जाडीच्या मालास मानक शेंकडा ५ इतकी सूट देतें. शेंकडा १० हलका माल नगावर घेतला, तर शंभर नगांमागें शंभराहून अधिक किलो लोखंड कमी येतें. काट्यावर घेतला तर पैसे बुडत नाहींत; परंतु अभियंत्यानें मोजून दिलेल्या तितक्याच सळया खांबांत बारीक बसतात, आणि ओझें मात्र तेंच राहतें. दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो, कारण त्यांत गिऱ्हाइकास आपण फसलों असें वाटतच नाहीं.

सळया घेतांना त्यांच्या अंगावर कारखान्याची खूण उठविलेली आहे कीं नाहीं तें पाहावें, गठ्ठ्याच्या चिठ्ठीवरील परवाना-क्रमांक ब्यूरोच्या नोंदींशीं ताडावा, आणि एक मीटरचा तुकडा कापून घेऊन जवळच्या किराणा दुकानाच्या काट्यावर घालावा.