होळकर संघ : दहा अंतिम सामने, चार करंडक

फलटणच्या वरच्या अंगाला नीरा वाहते. तिच्या काठच्या होळ गावाचं नाव मल्हाररावांच्या घराण्याला लागलं आणि त्यांच्याबरोबर माळव्यात गेलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेच नाव चौदा हंगाम एका क्रिकेट संघालाही होतं. तो संघ समोर आला की मुंबईलाही घाम फुटायचा, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

रणजी करंडक १९३४ मध्ये सुरू झाला, तेव्हा इंदूरची मंडळी सेंट्रल इंडियाच्या नावाने खेळत. १९४१-४२ पासून होळकर संघ वेगळा उतरू लागला. पण त्याची बांधणी त्याआधीपासून चालू होती. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी १९२३ मध्येच इंदूरला नेऊन आपल्या सैन्यात हुद्दा दिला होता. त्यांचं ‘कर्नल’पण तिथलंच. मुश्ताक अली इंदूरचेच. बाकीचे कुठून कुठून आलेले. चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर ही नावं वाचली की हा संघ माळव्याचा की महाराष्ट्राचा, असा प्रश्न पडतो. निंबाळकर म्हटल्यावर फलटणकराचे कान टवकारणारच, पण भाऊसाहेबांचा जन्म कोल्हापूरचा.

१९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध या संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. एकाच डावात सहा शतकं : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. नायडू तेव्हा पन्नाशीत होते! त्याच हंगामात बडोद्याला हरवून होळकरांनी पहिला करंडक जिंकला.

आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात मुंबईने त्यांच्यापुढे ८६७ धावांचं आव्हान ठेवलं होतं. महायुद्धामुळे हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ काढून गेला. मुश्ताकनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. तरीही ३७४ धावांनी हार. मला विचाराल तर चार विजेतेपदांपेक्षा या पराभवातच संघाचा स्वभाव जास्त कळतो. एवढं लक्ष्य समोर असताना ४९२ पर्यंत झुंजणारे किती?

पुढची हार मात्र दारुण होती. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल ३१९, हजारे २८८. होळकर डावाने आणि ४०९ धावांनी हरले. हजारे जन्माने सांगलीचे, म्हणजे या बाजूच्या माणसानेच घाव घातला. ती भागीदारी कोणत्याही गड्यासाठीची सर्वात मोठी म्हणून २००६ पर्यंत टिकली. श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धने जोडीने ती मागे टाकली.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. राजाच्या आश्रयावर उभा असलेला संघ त्याबरोबरच मोडायला हवा होता. तसं झालं नाही. १९४७-४८ चा करंडक विलीनीकरणाच्या आधीच इंदूरला आला होता; त्यानंतरही १९५०-५१ आणि १९५२-५३ असे आणखी दोन आले. शेवटच्या वेळी कर्णधार नायडूंचं वय सत्तावन्न होतं. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचले. पगार, हुद्दे आणि हौस यांवर जमवलेली माणसं एकत्र खेळून खेळून खरा संघ झाली होती, हे माझ्या मते त्याचं कारण. संस्थान गेलं, तरी सवय राहिली. पण नायडूंसारखा कर्णधार पुन्हा घडवायला तो आश्रय उरला नव्हता.

१९५४-५५ चा अंतिम सामना मद्रासने इंदुरात येऊन जिंकला. पुढच्या हंगामात होळकरांच्या जागी मध्य भारत आला, आणि राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश. होळकरांचं नाव आता इंदूरच्या स्टेडियमला आहे. करंडक मात्र मध्य प्रदेशाला थेट २०२२ मध्ये मिळाला. समोर मुंबईच होती आणि प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. चांगली माणसं बाहेरून आणायची होळकरी रीत इंदूरकर विसरले नव्हते म्हणायचं.