दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू

क्यूबात १९७७ साली डेंग्यूची साथ आली. विषाणू डेन-१ प्रकारचा होता. देशातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना त्याची लागण झाली, ताप आला आणि उतरला. चार वर्षांनी डेन-२ आला, तेव्हा चित्र पार पालटलं. ३ लाख ४४ हजार रुग्ण, त्यांतले दहा हजारांवर गंभीर, १५८ मृत्यू. मरण पावलेल्यांत १०१ मुलं होती.

एकदा आजार होऊन गेला की शरीर त्याला ओळखतं, हा आपला अनुभव. गोवराच्या बाबतीत तो खरा ठरतो. डेंग्यूच्या विषाणूचे मात्र चार प्रकार आहेत. पहिल्या लागणीत तयार झालेली प्रतिपिंडं त्या प्रकाराला वर्षानुवर्षं रोखतात. बाकीच्या तिघांपासून मिळणारं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं. मग दुसरा प्रकार शरीरात शिरला, की जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंड चिकटलेला विषाणू दिसताच आत ओढून घेतात. एरवी त्या त्याचा नायनाट करतात. डेंग्यूचा जिवंत विषाणू मात्र तिथेच वाढू लागतो. संरक्षक पेशीच त्याचं घर होते.

पेशींतून मग दाहक रसायनांचा लोंढा सुटतो, केशवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. हे बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास घडतं. म्हणूनच ‘ताप गेला, आता बरं आहे’ असं घरच्यांना वाटतं, त्याच वेळी रुग्णावर सर्वांत बारीक लक्ष हवं. पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण मरगळ दिसली तर तडक रुग्णालय गाठावं.

प्रतिपिंडांच्या या उलट्या खेळाचा माग बँकॉकमध्ये संशोधक स्कॉट हॉल्स्टेड यांनी साठच्या दशकात काढला. दुसऱ्या लागणीची मुलं गंभीर होत होती, हे समजण्यासारखं. पण काही महिन्यांची तान्ही बाळं पहिल्याच लागणीत अत्यवस्थ का व्हावीत? त्यांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं होती, विषाणूला रोखण्याइतकी न उरलेली. पुढे निकाराग्वातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासातही हेच दिसलं: प्रतिपिंडं भरपूर असली तर संरक्षण, मधल्या एका ठरावीक पातळीवर आली की धोका. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा पुरावा फार मोलाचा आहे.

त्याच वर्षी फिलिपिन्समध्ये त्या पुराव्याची किंमत कळली. डेंगव्हॅक्सिया ही लस तिथे आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली होती. ज्यांना आधी डेंग्यू झालाच नव्हता, त्यांच्यासाठी ती लस पहिल्या लागणीसारखी ठरू शकते, असं नोव्हेंबरमध्ये उत्पादक कंपनीने जाहीर केलं आणि मोहीम थांबली. पालकांचा विश्वास ढासळला, आणि त्याचा फटका गोवरासारख्या इतर लशींनाही बसला. पुढे ही लस देण्यापूर्वी रक्ततपासणी करून पूर्वीची लागण पडताळावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलं.

भारतात चारही प्रकार फिरतात. एखाद्या शहरात यंदा कोणता प्रकार पसरतो आहे आणि गेल्या काही वर्षांत कोणता पसरून गेला, ही माहिती डॉक्टरांपर्यंत साथ शिगेला पोहोचण्याआधीच जायला हवी.