पांढऱ्या द्राक्षाच्या पोटी काळं द्राक्ष

काबर्ने सोव्हिन्याँ हे रेड वाइनचं सर्वांत नावाजलेलं द्राक्ष. त्याचे जनक कोण, हे मात्र १९९७ साली कळलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनए तपासला. एक जनक निघाला काबर्ने फ्राँ, काळ्या द्राक्षाचा वाण. दुसरा सोव्हिन्याँ ब्लाँ, चक्क पांढऱ्या द्राक्षाचा! फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात कधीतरी या दोन वाणांचा आपोआप संकर झाला आणि एका बीतून नवा वेल उगवला.

पांढऱ्याच्या पोटी काळं कसं? द्राक्षाच्या सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार करवणारी जनुकं पांढऱ्या वाणांत निकामी झालेली असतात. रंगासाठी त्यांची एक चालू प्रत पुरते. ती काबर्ने फ्राँकडून मिळाली.

या द्राक्षाचे मणी लहान, साल जाड, बी मोठी. गराच्या मानाने साल आणि बी जास्त, म्हणून वाइनला गडद रंग आणि टॅनिनचा तुरटपणा येतो. कच्चेपणी त्याला ढोबळ्या मिरचीचा वास असतो. तो मेथॉक्सिपायराझिन या संयुगाचा आणि दोन्ही जनकांकडून आलेला. ऊन मिळालं, फळ पिकलं की तो ओसरतो. हा वाण उशिरा पिकतो. बोर्दोजवळच्या मेदॉकमधली गोट्यांची जमीन पाणी धरत नाही आणि लवकर तापते, म्हणून तिथे तो नीट पिकतो.

द्राक्षाच्या बीपासून तोच वाण मिळत नाही. तो काड्या लावून किंवा कलम करूनच टिकवावा लागतो. म्हणजे नाशिकच्या मळ्यांतलं काबर्ने सोव्हिन्याँही त्याच पहिल्या वेलाचा विस्तार आहे. कलम एकदा जिवावरच्या संकटातही कामी आलं. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधल्या वेलींच्या मुळांवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकी वेलींच्या खुंटावर कलमं बांधून हे वाण वाचवावे लागले.

रेड वाइनचंच दुसरं द्राक्ष, मेर्लो, हे काबर्ने सोव्हिन्याँचं सावत्र भावंड. काबर्ने फ्राँ दोघांचाही जनक. मेर्लोचा दुसरा जनक मात्र कुणी लावेनासा झालेला वाण होता. त्याचे मोजकेच वेल उरले होते. ते तोडले गेले असते, तर मेर्लोचं मूळ कायमचं हरवलं असतं. बाजारात भाव नसलेले जुने वाण जपायला हवेत ते यासाठीही: उद्याच्या रोगाला आणि वाढत्या उष्म्याला तोंड देणारी जनुकं त्यांच्यात सापडू शकतात.