पुढच्या आंसाचा आवाज

पावसाळा सरला आणि काळ्या जमिनीच्या वाटा वाळूं लागल्या, म्हणजे रिसोड तालुक्यांतील रिठदसारख्या गांवीं जुन्या चारचाकी-ओढीच्या जीपचें दुखणें वर येतें. चार महिने ही गाडी चिखलांतून व नाल्यांतून गेलेली असते. पुढच्या हबांत पाणी शिरलेलें असतें व ग्रीस दुधाळ झालेलें असतें. सोयाबीन घरीं आणण्यापूर्वीं मिस्त्रीकडून पुढचा आंस उघडून धुवून घेतला जातो. आणि गाडी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशीं पुढून पूर्वीं नसलेला आवाज ऐकूं येतो. मालक म्हणतो डिफरन्शियल गेलें, शेजारी म्हणतो बेअरिंग गेलें, आणि दोघांच्या तर्कावर नवे भाग विकत आणले जातात. हा खर्च बहुधा अनाठायीं होतो. परंतु खर्चाहून मोठी गोष्ट अशी कीं, या आवाजांपैकीं एकाकडे दुर्लक्ष झालें, तर भरल्या गाडीचें चाक निखळून पडण्याचा संभव असतो.

जीप ही दुसऱ्या महायुद्धाची संतति. १९४१ पासून १९४५ पर्यंत अमेरिकेंतील विलिस व फोर्ड यांच्या कारखान्यांनीं ती लाखांनीं बांधिली. १९४७ मध्यें महिंद्रांनीं आपल्या देशांत ती जोडण्यास आरंभ केला, आणि त्यानंतर अनेक वर्षें तिच्या पुढच्या आंसाची मूळ रचना बहुतांशीं तीच राहिली. म्हणून एका गाडीची परीक्षा समजली कीं तिच्या भावंडांचीही समजते.

इंजिनाची शक्ति गिअरबॉक्सांतून ट्रान्सफर केसमध्यें येते. तेथून एक प्रोपेलर शाफ्ट मागें व एक पुढें जातो. पुढचा शाफ्ट डिफरन्शियलच्या पिनियनास फिरवितो, पिनियन क्राउनास, आणि क्राउनाच्या दोन बाजूंच्या शाफ्टांनीं चाकें फिरतात. पुढचीं चाकें वळावीं लागतात, म्हणून प्रत्येक बाजूस शाफ्टांत एक सांधा असतो. आतां लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, पुढची ओढ सोडलेली असली तरी हे सारे भाग थांबत नाहींत. चाकेंच त्यांना उलट फिरवीत राहतात. कांहीं गाड्यांच्या हबांवर हा संबंध तोडणारी कळ असते, तेवढ्यांचाच काय तो अपवाद. तेव्हां “चारचाकी ओढ लावलीच नव्हती, मग पुढून आवाज कसा?” हा प्रश्न फुकट आहे. मात्र त्या स्थितींत पुढचा आंस ओझें वाहत नाहीं, नुसता फिरतो. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबतांच चढणारा व सोडतांच पालटणारा रडका सूर असेल, तर पुढचा आंस उघडण्याआधीं मागचा तपासावा. पोलादी सांगाडा आवाज कोठून कोठें नेईल याचा नेम नसतो.

पहिली परीक्षा मोजण्याची, आणि तिला खडूखेरीज कांहीं लागत नाहीं. चाकावर खडूची रेघ ओढावी. एकानें माणसाच्या चालीनें गाडी सरळ चालवावी व दुसऱ्यानें बाजूनें चालत ठोके मोजावे. रेघ एकदां खालीं येतांना एकच ठोका पडत असेल, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागांत, म्हणजे हबांत, ब्रेकच्या ड्रममध्यें, सैल नटांत अथवा टायरांत रुतलेल्या खड्यांत समजावा. पुष्कळ जीपगाड्यांच्या क्राउनास ४३ व पिनियनास ८ दांते असतात. युद्धकाळच्या गाडींत ३९ व ८. पहिल्या जोडींत चाकाच्या एका फेऱ्यास पिनियनाचे व प्रोपेलर शाफ्टाचे सव्वापांचाहून कांहीं अधिक फेरे होतात. चाकाच्या फेऱ्यांत पांच-सहा ठोके पडले, तर शोध तेथें घ्यावा.

दुसरी परीक्षा हातांची. गाडी जॅकवर उचलून, खालीं लाकडी ठोकळे देऊन, चाक वर व खालीं धरून आंत-बाहेर हलवावें. डुलूं लागलें, तर दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगून पुन्हां हलवावें. ब्रेक दाबल्यावर डुलणें थांबलें, तर बेअरिंग सैल आहे. न थांबलें, तर दोष किंग पिनाच्या बेअरिंगांत आहे. एवढ्या सोप्या युक्तीनें निवाडा होत असतां मिस्त्रीलोक पान्ह्यालाच आधीं हात कां घालतात, हें कळत नाहीं.

दुरुस्तीनंतर उद्भवलेल्या दोषांत हें सैल बेअरिंगच सर्वांत घातक. हबांत दोन नट असतात व त्यांच्यामध्यें कुलपी वॉशर असतो. चाक फिरवीत आंतला नट तें जड होईपर्यंत आवळावयाचा, मग सुमारें एक-षष्ठांश फेरा मागें घ्यावयाचा, वॉशर बसवावयाचा, बाहेरचा नट आवळावयाचा, आणि शेवटीं वॉशरची कड नटावर दुमडावयाची. ही कड दुमडावयाची राहिली, कीं नट आपोआप सुटत जातो. प्रथम मंद घूंघूं, मग वळणावर खडखड, आणि त्यापुढें चाक शेतांत व गाडी खड्ड्यांत. चाकाचे नटही पाहावे. जुन्या विलिस जीपच्या डाव्या चाकांस उलट्या आट्यांचे नट असतात, आणि हें न जाणणारा आवळण्याऐवजीं ते ढिले करीत असतो.

चाक पुरतें वळविल्यावरच कटकट होत असेल, तर वळणाच्या सांध्याचा संशय घ्यावा. वेग वाढतांच सारी गाडी थरथरत असेल, तर प्रोपेलर शाफ्ट उघडून परत जोडतांना त्याच्या दोन टोकांचे चिमटे एका रेषेंत आले नसावेत. एक सांधा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां गति कमी-अधिक करितो व दुसऱ्यानें तो फरक भरून काढावयाचा असतो, तो मग भरून निघत नाहीं.

एक आवाज असाही आहे कीं ज्यांत दोष गाडीचा नसतोच. डांबरी रस्त्यावर चारचाकी ओढ लावून वळण घेतलें, तर पुढचीं चाकें मागच्यांहून लांबचा मार्ग चालतात, आणि घट्ट जोडलेले शाफ्ट पिळले जाऊन कुरकुरतात. मऊ जमिनींत चाक थोडें सरकून ही ओढाताण निघून जाते. चाचणी म्हणूनच नांगरलेल्या रानांत घ्यावी.

एवढें करून आठ-दहा मैल चालवावें, थांबावें, आणि दोन्ही पुढच्या हबांजवळ तळहात न्यावा. दोन्ही सारखे कोमट असले तर ठीक; एक हात न लाववेल इतका तापला असेल, तर बाजूचा ब्रेक धरत नाहीं ना हें पाहून तो नट पुन्हां उघडून किंचित् मागें घ्यावा.