दगडावरचा बाप, कागदावरची लेक

कोलकात्याच्या बडाबाजारात, आर्मेनियन स्ट्रीटवर, नाझरेथचं चर्च आहे. १७२४ साली बांधलेलं, शहरातलं सर्वांत जुनं. आवारात शिरलं की थडग्यांच्या शिळांवरूनच चालावं लागतं, आणि बहुतेक शिळांवरची लिपी वाचणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. भारतातल्या आर्मेनियन घराण्यांचा इतिहास बराचसा याच दगडांवर टिकून आहे.

ही माणसं मूळची जुल्फाची. शाह अब्बासने १६०४ साली त्यांना गावासकट उठवून इराणात नेलं आणि इस्फहानजवळ नवं जुल्फा वसवलं; पुढे जुल्फा म्हणजे हेच. तिथून व्यापारी सुरत, आग्रा, मद्रास, चिन्सुरा, कोलकाता असे पसरले. मुंबईत फोर्टमध्ये त्यांचं सेंट पीटर्स चर्च १७९६ साली उभं राहिलं.

त्यांची वंशावळ जोडणाऱ्याला पहिली अडचण येते ती कालगणनेची. लेखात आकडे नसतात, अक्षरांनाच संख्येची किंमत असते. आर्मेनियन शक इ. स. ५५२ पासून सुरू होतो, म्हणून त्यात ५५१ मिळवायचे: ११७३ म्हणजे १७२४. पण जुल्फाचे व्यापारी आझारियाच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी, छोटी गणनाही वापरत, आणि तिच्यात १६१५ मिळवावे लागतात. नाझरेथच्या आवारातल्या रेझाबीबीच्या शिळेवर वर्ष आहे १५, म्हणजे १६३०. ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नॉक कोलकात्याला उतरला त्याच्या साठ वर्षं आधीचं! म्हणूनच या वाचनावर वाद आहेत, आणि ते व्हायलाच हवेत.

ही शिळा उजेडात आणली मेस्रोव्ह जेकब सेठ यांनी. जुल्फात जन्मलेल्या आणि कोलकात्यात शिकलेल्या या माणसाने गावोगावचे लेख उतरवून घेतले आणि १९३७ साली भारतातल्या आर्मेनियनांवरचा मोठा ग्रंथ काढला. त्यांचे उपकार मोठेच. तरीही नुसत्या भाषांतरावर वंशावळ उभी करू नये असं मला ठामपणे वाटतं. शिळेचा फोटो, मूळ अक्षरं आणि अर्थ, तिन्ही शेजारी हवेत. पावसाने आणि पायांनी दगड झिजतो, आणि पुढच्या वाचकाला आपली चूक काढता यायला हवी.

दुसरी अडचण आडनावांची. बापाचं नाव मुलाचं आडनाव व्हायचं, त्यामुळे आजोबा आणि नातू यांची आडनावं वेगळी दिसतात. शिवाय इंग्रज कारकुनाच्या कानावर जे पडलं ते कागदावर आलं. हारुत्युनचा झाला अराथून, कारापेतचा कॅरापिएट. हाँगकाँग गाजवणारे सर पॉल चेटर १८४६ साली कोलकात्यात जन्मले ते खाचिक पोघोस अस्त्वात्सातूर म्हणून. ‘चेटर’ हा त्या शेवटच्या नावाचा उरलेला तुकडा. हे ठाऊक नसेल तर दोन कागदांवरचा एकच माणूस दोन माणसं होऊन बसतो.

आपल्याकडे त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत अख्खं कुळ एका जागी सापडतं. इथे तसं नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी चर्चच्या वह्यांत, इच्छापत्रं इंग्रजांच्या कोर्टाच्या दप्तरात आणि जन्मगावचा धागा जुल्फात. ईस्ट इंडिया कंपनीने लंडनला पाठवलेल्या चर्चनोंदी मुख्यतः इंग्रजांच्या. आर्मेनियनांच्या वह्या त्यांच्याच चर्चमध्ये राहिल्या, म्हणून त्यांचं पान न् पान जपणं इतकं निकडीचं आहे.

या सगळ्यात बायका हरवतात. रेझाबीबीच्या शिळेवर ती दानशूर दिवंगत सुकियासची बायको एवढंच आहे. ती कुणाची लेक, हे नाही. बापाच्या नावाने चालणाऱ्या साखळीत लेकी दुसऱ्या घरी गेल्या की नजरेआड होतात. इच्छापत्र मात्र त्यांना धरून ठेवतं. मरणाऱ्या माणसाला वाटणी करताना नावं घ्यावीच लागतात: ही थोरली, हा तिचा नवरा, ही जुल्फात राहिलेली बहीण. अशा एका ओळीने दोन घराणी जोडली जातात. म्हणून शोध घेणाऱ्याने चर्चचं आवार पाहून झालं की आधी कोर्टाच्या दप्तराकडे वळावं.