पडणाऱ्या दाढेचं रूट कॅनॉल

‘दुधाचीच दाढ ना, पडणारच आहे, काढून टाका,’ हा पालकांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण हिशेबात चुकतो. दुसरी दुधाची दाढ साधारण 10 ते 12व्या वर्षी पडते. ती 5व्या वर्षीच काढली, तर 6व्या वर्षी तिच्यामागे उगवणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची जागा बळकावते. जागा राखणारी तार बसवता येते, मान्य; पण तिने घास चावला जात नाही.

म्हणून रूट कॅनॉल करून दाढ वाचवायची; त्यातली खरी अडचण मुळांची. ती बारीक, बाकदार, फाकलेली. त्यांच्या बेचक्यात कायमच्या दाताचा कोंब, आणि वेळ आली की ती आपोआप झिजणार. म्हणून मोठ्यांच्या दातात भरतात तो गट्टापर्चा इथे चालत नाही. शरीरात विरणारी, कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयोडोफॉर्मची पेस्ट भरतात. कधी ती मुळाआधीच विरते, हा तिचा दोष. मशीनवर फिरणाऱ्या फाइल्सनी, म्हणजे बारीक कानशींनी, मुळातला कालवा साफ करण्याचा वेळ वाचतो, आणि खुर्चीत चुळबुळणाऱ्या पोराच्या बाबतीत ही मोठीच सोय. यशाचं प्रमाण मात्र हातच्या फाइल्सइतकंच राहतं. त्यामुळे मशीनपेक्षा एक्स-रे नीट बघणारा डॉक्टर शोधावा. मूळ फारच झिजलेलं दिसलं, तर दाढ काढणंच बरं. वाचवली, तर वर स्टीलची टोपी हवीच.